तो टाकळा नव्हता

रानातल्या कुठल्या पाल्याची भाजी होते आणि कुठल्याची होत नाही, हे आमच्या आईला कधी कुणाला विचारावं लागलं नाही. पाऊस स्थिरावला की ती बांधावरून, ओढ्याच्या कडेनं, गोठ्याच्या मागून ओटी भरून कोवळी पानं आणायची. कुर्डू, फोडशी, भारंगी आणि सगळ्यांत जास्त टाकळा. टाकळ्याला किंचित उग्र वास असतो. तो जावा म्हणून ती भाजी आधी वाफवून, पिळून घ्यायची, मग लसणाच्या फोडणीत मूठभर भिजवलेल्या डाळीबरोबर परतायची. नाचणीच्या भाकरीवर ती हिरवी मूठ ठेवून ती आम्हाला हाक मारायची तेव्हा पडवीतून, गोठ्यातून, खाचरातून जो तो येऊन भिंतीला पाठ लावून बसायचा. रिह्याच्या खोऱ्यात डोंगराच्या अगदी पायथ्याशी आमचं चार खणांचं कौलारू घर होतं. घरात आम्ही पाच माणसं. आई, दादा म्हणजे माझे वडील, त्यांचे थोरले भाऊ आबा, मी आणि माझा पाच वर्षांचा भाऊ बाळू. आबांची बायको फार लवकर गेली होती आणि त्यांनी दुसरं लग्न केलं नव्हतं. घरात त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नसे, दादासुद्धा. मी तेव्हा अकरा वर्षांची होते आणि घरातल्या या मोठ्या माणसांना सगळं कळतं, असं मला वाटत होतं.

मी अकरा वर्षांची झाले त्याच्या आदल्या वर्षी आमच्या गावाच्या रस्त्याचं काम सुरू झालं. भराव टाकायला माती हवी म्हणून ओढ्याच्या काठची गायरानाची जमीन उकरली. डझनभर खड्डे पडले, कमरेइतके खोल. पावसात ते भरले, ओसरले, पुन्हा भरले. त्या उपसलेल्या ओल्या मातीत वर्षभर काही उगवलं नाही आणि दुसऱ्या पावसाळ्यात एकाएकी सगळी कड हिरवी झाली. झाड टाकळ्यासारखं, फूल टाकळ्यासारखं पिवळं, पाच पाकळ्यांचं. पण टाकळा माझ्या मांडीपर्यंत यायचा आणि हे माझ्या डोक्याच्या वर गेलं होतं. मी आईला विचारलं तेव्हा ती डोक्यावर भारा घेऊन घाईत चालली होती. तिनं मान न वळवताच सांगितलं, "टाकळाच हाय. नव्या मातीत माजलाय. दुसरं काय असणार?" नशीब असं की तोवर पानं निबर झाली होती, म्हणून तिनं त्याची भाजी केली नाही. पण तिच्या त्या एका वाक्यानं मला ते झाड कायमचं ओळखीचं झालं.

भाद्रपद सरता सरता आमची कालवड पडली. तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका असलेली, पुढच्या वर्षी गाभण जाईल म्हणून आई तिच्याकडे डोळे लावून बसलेली. एका सकाळी ती उठेना. ताप नाही, पोट फुगलेलं नाही. समोर गवत टाकलं तर खात होती, कान हलवत होती, आम्ही गोठ्यात शिरलो की मान वर करून पाहत होती. फक्त मागचे पाय तिचे राहिले नव्हते. दादांनी आणि आबांनी पोटाखालून दोर घालून तिला उभं केलं, तर ती ओल्या गोणपाटासारखी खाली आली. तिचं मूत कोऱ्या चहासारखं काळं झालं होतं. चौथ्या दिवशी ती मेली, अगदी शेवटपर्यंत शुद्धीत, डोळे उघडे. ती डोळे उघडे ठेवून मेली याचीच सगळ्यांना जास्त भीती वाटली. आबा गोठ्याच्या दारात उभे राहून म्हणाले, "हे दुखणं न्हवं. कुणीतरी केलंय हे." मग कोण कोण गोठ्याकडे आलं होतं त्याची उजळणी सुरू झाली, आणि ती हौसाबाईपाशी येऊन थांबली.

हौसाबाई वरच्या वाडीतली. आमच्या घरापासून तासाभराच्या चढावर डोंगराच्या खांद्यावर सात-आठ झोपड्या होत्या, तिथं ती राहायची. करटोली, कंद, मध, कधी हिरड्याची टोपली घेऊन ती खाली यायची आणि बदल्यात तांदूळ, मीठ, जुनं लुगडं घेऊन जायची. बाळूच्या जन्माच्या वेळी ओढ्याला पूर होता आणि सुईण पलीकडे अडकली होती, तेव्हा बाळूची नाळ हौसाबाईनंच कापली होती. तरी ती पडवीच्या पायरीखाली बसायची आणि आई तिला चहा वेगळ्या कपात द्यायची. तो कप गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात असायचा, म्हणून ती गोठ्यात जायची, आपला कप घ्यायची, विसळायची, परत ठेवायची. तिला गोठ्यात जायला आम्हीच लावलं होतं आणि ती गोठ्यात जाते हाच तिच्यावर आळ आला. तिला तोंडावर मात्र कुणी काही बोललं नाही. भातकापणी तोंडावर होती आणि तिच्यासारखा कापणीचा हात खोऱ्यात दुसरा नव्हता.

कापणीच्या दिवसांत आमच्या खोऱ्याला एकच आवाज असायचा. सकाळी दव उडालं की विळ्यांची करकर, आणि उन्हं वर आली की खळ्यावर झोडणीचे थपके. या खळ्यावरून त्या खळ्यावर, थप, थप, दिवसभर. आंबेमोहराचा वास अंगाच्या कपड्यांनासुद्धा लागायचा. घरात माणूस राहत नसे. भाकरी सकाळीच थापून टोपलीत, वर सुकटीची चटणी, आणि लहान पोरं माझ्या ताब्यात. त्या वर्षी माझ्या ताब्यात दोघं होती. बाळू आणि हौसाबाईची नात ठकी. ठकीचे आईबाप दसऱ्यानंतर लगेच वीटभट्टीवर गेले होते. जेमतेम चार वर्षांची पोर, आजीला 'आये' म्हणायची. केस पिंगट, अंगात कुणाचा तरी शर्ट गुडघ्यापर्यंत. फारशी बोलत नसे, पण मी जिथं जाईन तिथं मागून यायची. हौसाबाई तिला सकाळी आमच्या अंगणाच्या कडेला सोडायची आणि मला सांगायची, "सुले, ध्यान ठेव गं पोरीवर. पान्याकडं जाऊ दिऊ नगं."

मी पाण्याकडे जाऊ दिलं नाही. खड्ड्यांच्या कोरड्या कडेला बसून आम्ही भातुकली मांडली. नारळाच्या करवंट्या, खापराचे तुकडे, चिखलाची चूल. त्या उंच झाडांना आता शेंगा आल्या होत्या, हिरव्या, बोटाएवढ्या, वर तोंड करून उभ्या, गवारीसारख्या. मी ओंजळभर तोडल्या, सोलल्या, आतले कोवळे दाणे करवंटीत काढले आणि म्हटलं, ही उसळ. रोज आम्ही खोटं खोटं जेवायचो, तोंडाजवळ नेऊन टाकायचो. त्या दिवशी बाळूनं खरंच खाल्ले. मी बघत होते. त्याला काही झालं नाही, त्यानं अजून मागितले, मी अजून सोलले. टाकळाच तर होता. मग मी ठकीच्या पुढे करवंटी ठेवली. तिनं वास घेतला आणि करवंटी सरकवली. "घान येतीया," ती म्हणाली. मी पुन्हा पुढे केली. तिनं दोन दाणे तोंडात घातले आणि थुंकले. मला राग आला. मी घरची मालकीण होते, ती पाहुणी होती आणि मी वाढलेलं ती थुंकत होती. मी तिचा दंड धरला आणि आईच्या आवाजात म्हटलं, "पाहुण्यानं ताटात टाकायचं नसतं. समदं संपवायचं." तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि एकेक करून सगळे दाणे गिळले. डोळ्यांत पाणी होतं, पण संपवले. मी तिची पाठ थोपटली. शहाणी गं, असं काहीतरी म्हटलंही असेन.

हे मी इथं प्रथमच लिहिते आहे. माझ्या मुलांना मी एवढंच सांगितलं आहे की आमच्या लहानपणी बाळूमामा एकदा खूप आजारी पडला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाळू ओकला. आईला वाटलं ऊन लागलं असेल, तिनं त्याला तांदळाची पेज पाजली. तीही उलटली. उन्हं अंगणात आली तेव्हा तो आईला ओळखत नव्हता. हवेतलं काहीतरी वेचत असल्यासारखी बोटं हलवत होता, मध्येच किंचाळत होता, आणि आई त्याला उचलायला वाकली तेव्हा त्यानं तिच्या मनगटाला असा कडकडून चावा घेतला की रक्त आलं. आमचा बाळू, जो कोंबडीच्या पिल्लालासुद्धा दोन हातांनी उचलायचा. आबांनी आमच्या खळ्यावरची झोडणी थांबवली. ते ऐकून शेजारच्या खळ्यावरची थांबली, मग पलीकडची. कापणीच्या ऐन दिवसांत भर दिवसा खोरं गप्प झालेलं मी तेवढं एकदाच ऐकलं. माणसं अंगणात जमली. देवऋषी आला, त्यानं तांदळाचे दाणे सुपात टाकून पाहिले आणि म्हणाला, जे कालवडीला लागलं तेच पोराला लागलंय. आबांनी मान हलवली. त्यांना हे आधीच माहीत होतं.

आणि मलाही माहीत होतं. पहाटे बाळू ओकला तेव्हा मीच राख टाकून ते पुसलं होतं आणि त्यात हिरवे कण मी पाहिले होते. तरी मी दुपारपर्यंत बोलले नाही. कोपऱ्यात मडक्यांच्या उतरंडीआड उभी राहिले. एकदा तोंड उघडलं की काय होईल, याची भीती मला भावाच्या किंचाळण्यापेक्षा मोठी वाटत होती. आज मी नातवंडांची आजी आहे, पण त्या पाच-सहा तासांचा हिशेब मला अजून देता येत नाही.

मध्यान्हीच्या सुमाराला हौसाबाई डोंगरावरून उतरताना दिसली. ती पळत होती. हातात टोपली नव्हती, डोक्यावर पदर नव्हता. त्या दिवशी ती कामाला आली नव्हती, हे आबांनी सकाळीच सगळ्यांना दाखवून दिलं होतं. ती अंगणात पाय ठेवते न ठेवते तोच आबांनी तिचा हात पिरगळून तिला खळ्याच्या मधोमध बसवलं.

"कालवड खाल्लीस, आता माजं पोरगं खातीस व्हय?"

"आबा, माजं ऐका..."

"हिनंच बांधलंय, हिच्याकडनंच सोडवून घ्या," देवऋषी म्हणाला.

कुणीतरी तिच्या केसांना हात घातला. ती ओरडली नाही. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती, आणि त्या गोंगाटात ती कुणाला ऐकू येत नव्हती. मला आली. "माजी ठकी बी सकाळधरनं वकतीया. वळखंना मला. डोळं फिरवतीया. सुईवाला डाक्तर कुटं असंल तर बगाया आले म्या. माजी ठकी बी तशीच करतीया वो."

मी उतरंड सोडून बाहेर आले आणि म्हणाले, "आबा, शेंगा खाल्ल्या त्यानं."

पहिल्यांदा कुणी ऐकलं नाही. मी पुन्हा ओरडले. दादा पुढे आले, माझ्यासमोर उकिडवे बसले. "कसल्या शेंगा?"

"खड्ड्यातल्या. टाकळ्याच्या. मी दिल्या. बाळूला आन् ठकीला, दोघांना."

"टाकळ्यानं काय व्हतंय?" आई दारातून म्हणाली. तिच्या मनगटाला फडकं बांधलेलं होतं. "जलमभर खातुया आपुन."

हौसाबाई माझ्याकडे बघत होती. केस धरणारा हात सैल पडला होता, पण ती उठली नाही. "दाव," ती म्हणाली. "झाड दाव मला. मुळासकट आन."

मी धावत गेले आणि हाताला येईल ते झाड उपटून, ओढत आणलं. तिनं ते मांडीवर आडवं घेतलं. इतक्या माणसांत, डोक्यावर तो आळ असताना, तिचे हात शांतपणे पानापानावरून फिरले. तिनं देठाच्या बुडाशी नख लावलं, पान चुरगाळून नाकाशी नेलं, एक शेंग मोडून पाहिली.

"ह्यो टाकळा न्हाई," ती म्हणाली. "ह्यो कासविंदा हाय. टाकळ्याचं पान म्होरं गोल असतं, ह्याचं बगा, भाल्यावानी टोक हाय. टाकळ्याची शेंग दोऱ्यागत बारीक, ही चपटी. आमच्या वरच्या रानात येकादं-दुसरं असतं. खोकल्याला ह्याचं बी आमी भाजून घेतो, पर कच्चं कुनी तोंडाला लावत न्हाई. जित्राबानं खाल्लं तर पायातनं जातं." मग दादांकडे वळून तिनं विचारलं, "कालवड खड्ड्याकडंच चरत व्हती न्हवं?"

"व्हय," दादा म्हणाले.

रस्त्याच्या कामावरचा खडीचा ट्रक वळणावर रिकामा होत होता. दादांनी बाळूला गोधडीत गुंडाळलं, ते झाड काखेत मारलं आणि धावले. आई मागून. हौसाबाई उठून त्यांच्याही मागून धावली आणि ट्रकच्या फळीला धरून म्हणाली, "दादा, जरा थांबा. माज्या पोरीला घिऊन येते. जरा थांबा."

दादांनी डोंगराकडे पाहिलं. तासाभराचा चढ, मग उतार. बाळूचे हातपाय आता ताठ होऊ लागले होते. आबा म्हणाले, "तवर हे जाईल. चला." दादा आबांच्या शब्दाबाहेर कधी गेले नव्हते. पण त्या वेळी आबा काही बोलले नसते, तरी ते थांबले असते का, हे मी पुढे त्यांना कधी विचारू शकले नाही. ते फक्त म्हणाले, "गाडी माघारी धाडतो. तू पोरीला रस्त्यावर आनून ठिव." तिनं फळी सोडली. धूळ खाली बसायच्या आधीच ती डोंगराला लागली होती.

ट्रक खरंच परत आला. दिवस कलला होता. ड्रायव्हर वळणावर गाडी उभी करून हॉर्न वाजवत होता. थोडा वेळ थांबायचा, पुन्हा वाजवायचा. मी पडवीत एकटी बसले होते. आबा अंगणात पाठमोरे उभे होते. तो आवाज डोंगरावर जायचा आणि तसाच परत यायचा. वरून कुणी उतरलं नाही. बऱ्याच वेळानं एक म्हातारा एकटाच खाली आला, ड्रायव्हरशी दोन शब्द बोलला आणि वळून चढू लागला. ट्रक निघून गेला.

बाळू वाचला. पुण्याच्या सरकारी इस्पितळात तो नऊ दिवस बेशुद्ध होता. त्यानंतर त्यानं आईला ओळखलं आणि पाणी मागितलं. ते झाड डॉक्टरांनी ठेवून घेतलं होतं, पण त्या वेळी त्यांनाही त्यातलं फारसं माहीत नव्हतं. त्याचा डावा हात अजून थरथरतो, कपातला चहा सांडतो. आज तो नेरे गावात असतो. तिथली सासऱ्याकडून आलेली जमीन विकून त्यानं चाळवजा खोल्या बांधल्या आहेत, कंपन्यांत कामाला जाणारी पोरं त्यात भाड्यानं राहतात. त्याला त्या दिवसातलं काहीही आठवत नाही. ठकी नावाची मुलगी होती, हेही नाही.

मी सध्या पुण्याजवळ सूसला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहते. आमच्या सोसायटीशेजारच्या प्लॉटवर नवी इमारत होणार म्हणून दोन वर्षांपूर्वी खणून ठेवलं आणि काम थांबलं. गेल्या पावसाळ्यात त्या पाणी साचलेल्या उकरलेल्या मातीत तेच उगवलं. गॅलरीतून पिवळी फुलं दिसली तेव्हा माझ्या हातातली वाळत घालायची चादर तशीच राहिली. दोन दिवसांनी वरच्या मजल्यावरची एक मुलगी, चांगली शिकलेली, पिशवीभर कोवळे शेंडे घेऊन लिफ्टमध्ये भेटली. रानभाजीची हौस. मी म्हटलं, हा टाकळा नाही. ती हसून म्हणाली, "काकू, मी ॲपवर चेक केलंय, फोटो काढून. टाकळाच दाखवतंय." मी तिच्या हातातून पिशवी अक्षरशः ओढून घेतली. तिला ते आवडलं नाही. संध्याकाळी मी तळमजल्यावरच्या बालरोगतज्ज्ञ बाईंकडे एक फांदी घेऊन गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी नीट सांगितलं. कच्च्या बियांनी लहान मुलांचं यकृत, मेंदू आणि स्नायू एकदमच धरले जातात, दोन-चार दिवसांत पुष्कळशी मुलं दगावतात, आणि त्यावर नेमका उतारा असा नाही. मी विचारलं, "म्हणजे वेळेवर इस्पितळात नेलं असतं तरी?" त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही, काकू. काही वाचतात." मी घरी आले. काही वाचतात, या दोन शब्दांनी मी कित्येक रात्री जागले.

परत तिकडे जाते. झोडणी संपून खळी रिकामी झाली तरी हौसाबाई खाली आली नाही. आईनं तिच्यासाठी पायलीभर तांदूळ बांधून पाठवले, ते तसेच परत आले. आबा त्या विषयावर कधी बोलले नाहीत. फक्त एक दिवस त्यांनी तो कोनाड्यातला कप काढून फोडून टाकला. ते लाजेनं केलं की भीतीनं, हे मला कळलं नाही. गावातल्या निम्म्या लोकांनी शेंगांची गोष्ट मानली, निम्म्यांनी मानली नाही. त्यांचं म्हणणं, शेंगा निमित्त, करणारी तीच, म्हणून तर तिचीच नात गेली, उलटलं तिच्यावर.

मग एका सकाळी शाळेच्या वाटेवर ती मला खड्ड्यांपाशी दिसली. एकटीच, गुडघाभर चिखलात उभी राहून ती झाडं उपटत होती. पानं पिवळी पडली होती, शेंगा तपकिरी झाल्या होत्या. मला पळावंसं वाटलं, पण तिनं पाहिलं होतं. "हितं ये," ती म्हणाली. मी दप्तर काठावर ठेवून खाली उतरले. ती बारीक झाली होती. तिनं माझा हात धरला. रागानं नाही, पण घट्ट. बांधाकडेचा एक सुकत आलेला टाकळा तिनं उपटला, आणि एक कासविंदा, आणि दोन्ही माझ्या दोन हातांत दिले.

"पानं मोज. जोड्या मोज."

मी मोजल्या. टाकळ्याला तीन. कासविंद्याला कुठं चार, कुठं पाच.

"टोक बग. बोट फिरव त्याच्यावरनं. आता देठाच्या बुडाला चाचप. गाठ लागली? टाकळ्याला ती वर असती, पानांच्या मधी. आता बी काढ. टाकळ्याचं बी चौकटीगत, तिरकं. ह्याचं चपटं, गोल. आता वास घे. दोनीला घान येती, म्हून लोक फसत्यात. पर ह्याची येगळी हाय. घे, परत घे." तिनं चुरगाळलेलं पान माझ्या नाकाशी धरलं आणि मला उमासा आला तरी काढलं नाही. "पुन्ना चुकायचं न्हाई. कळलं? कुनाच्या बी पोराला."

मी मान हलवली. मग आम्ही दोघी झाडं उपटत राहिलो. शाळेची घंटा झाली, मी गेले नाही. ऊन चढलं. उपटलेल्या झाडांचा ढीग झाला तेव्हा ती काठावर बसली, हात पदराला पुसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "येक इचारते, सुले. खरं सांग. तिनं मागितल्या, का तू दिल्यास?"

हा प्रश्न ती इतके दिवस घेऊन फिरत होती, आणि त्यासाठीच ती मला भेटली, हे मला तेव्हाही कळलं. खरं काय ते माझ्या तोंडाशी होतं. ठकीनं सरकवलेली करवंटी, तिनं थुंकलेले दोन दाणे, मी धरलेला दंड. मी म्हणाले, "तिनंच मागितल्या."

हौसाबाईचा चेहरा हळूहळू मोडला.

"व्हय," ती म्हणाली. "भुकेली व्हती. कापनीची घाई म्हून सकाळी तिला काय खायाला दिलंच न्हाई म्या. उपाशी आनून सोडली तुज्याजवळ." तिनं दोन्ही हातांनी आपल्या तोंडात मारून घेतलं, एकदा, दोनदा. "म्या मारली गं. म्याच मारली."

मी तिथं उभी होते. एका शब्दानं ते थांबवता आलं असतं. मी दप्तर उचललं आणि घरी आले.

त्यानंतर ती पुष्कळ वर्षं जगली. दर पावसाळा सरताना ती ओढ्याकाठी यायची आणि खड्ड्यांच्या कडेनं वाकून एकेक झाड पाहत, उपटत जायची. मी लांबून ती दिसली की वाट बदलायचे.